हरकत असेल तर आत्ताच

जालना,
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम. हे पत्र हरिओमच्या काळी-पिवळी जीपमधून पाठवून राह्यलो. फोनवर तुला काही ऐकू येत न्हाई आणि कानाचं मशीन तू साखरेच्या डब्याशेजारी ठेवून देतेस, तेव्हा लिहिण्याशिवाय इलाज न्हाई. हरिओम म्हणला, "टपालाचं भाडं घेत नसतो, पण आत्यानं चहा पाजला पाहिजे." पाज त्याला.

आधी वाईट बातमी. मी बदनापूरचं कॉलेज सोडलं. राग काढून घे आणि मंग पुढचं वाच. स्टेशनाच्या समोरच त्या सिलासचं मेडिकल आहे. रोज येता-जाता त्याचं तोंड बघायचं आणि वर्गात बसून खतांचे प्रकार लिहायचे, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. इथं एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागलो. भट्टीतून लालभडक सळई सापासारखी पळत येते, ती चिमट्यानं धरून पुढं लावायची. हातावरचे केस जळून गेले. जळू दे. रात्री इतका थकतो की विचार यायच्या आत झोप येते, तेवढीच कमाई.

त्या रविवारी आपल्या ख्रिस्तमंदिरात काय झालं ते तुला कोणी बराबर सांगितलं नसेल. तू पुढच्या बाकावर, तुला फक्त माझं तोंड हललेलं दिसलं असेल. म्हणून माझ्याकडून ऐक. पाळकांनी एस्तेर रखमाजी गवारे आणि सिलास यांची तिसरी पुकार वाचली. तीन रविवार नावं वाचायची आणि दर वेळी विचारायचं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. दोन रविवार मी दात खाऊन बसलो. तिसऱ्या रविवारी उभा राह्यलो. म्हणलो, हरकत आहे. मे महिन्यात आम्ही दोघं जालन्याला गेल्तो, तिथं देवापुढं एकमेकांना वचन दिलं, ही दुसऱ्याची होऊ शकत न्हाई. आणि तिचा पिवळा स्कार्फ खिशातून काढून वर धरला. उन्हात तोंडाला बांधते तो. साऱ्या राजूरला माहीत आहे.

एस्तेर एक शब्द बोलली न्हाई. मान खाली घालून बसली. तूच सांग, माझं खोटं असतं तर उठून बोलली नसती का?

लोक काय म्हणून राह्यले ते लिही. तिच्या घरचं काय चाललंय तेही.

तुझा,
गिदोन

—

राजूर,
९ डिसेंबर २०२४

प्रिय गिदोन,

प्रभूमध्ये सलाम. हरिओमला चहा पाजला. त्याने दोन वेळा घेतला आणि तू किती वाळलास ते हाताने करून दाखवले.

कॉलेजचे मी काही लिहीत नाही. तुझी आई जाताना तुला माझ्या ओटीत घालून गेली, तेव्हा तुझे शिक्षण हे माझेच शिक्षण होते. ते अर्ध्यावर राहिले. गणपतीला चतुर्थीची गर्दी होती, रस्ता तुंबला होता, नाहीतर त्याच दिवशी जालन्याला येऊन तुझा कान धरला असता.

तू विचारलेस म्हणून सांगते. सिलासच्या घरचे लोक दुसऱ्याच दिवशी साखरपुड्याचे कपडे परत देऊन गेले. रखमाजी मंदिरात येत नाहीत. एस्तेर ज्या शाळेत शिकवते, तिथल्या बायका तिला पाहून कुजबुजतात, असे चतुराबाईने सांगितले. पंचांची बैठक झाली. अप्पाराव म्हणाले, "पोराचं खरं कशावरून धरायचं?" (मला त्यांनी पाटीवर लिहून दाखवले.) मी उठून उभी राहिले. बत्तीस वर्षे बालवाडी चालवली आहे, उभे राहून बोलायची सवय आहे. मी म्हणाले, "माझा गिदोन तापट आहे, आडमुठा आहे, पण भर मंडळीत देवाचे नाव घेऊन तो खोटे बोलणार नाही. ही माझी साक्ष." पंचांनी माझ्या शब्दावर विषय मिटवला.

आता पुढचे ऐक. वचन दिले असेल तर ते पाळायचे. मुलीचे नाव चव्हाट्यावर आणून जालन्याला जाऊन बसायचे, ही आपल्या घरची रीत नाही. नाताळाचा फराळ घेऊन मी रखमाजींकडे जाणार आहे. तुझ्यासाठी रीतसर मागणी घालते. तू सुट्टी काढून ये.

तुझी,
आत्या

—

जालना,
१३ डिसेंबर २०२४

आत्या,

इतकी जल्दी कशाला? नाताळात सुट्टी न्हाई. कारखाना बंद होत नसतो, भट्टी थंड झाली तर पुन्हा तापायला दिवस जातो. रखमाजी रागात असतील, त्यांना थोडं निवू दे. ते तुझा अपमान करतील, मला सहन होणार न्हाई. बिलकुल जाऊ नको. मी सांगेन तेव्हा जा.

थंडीत गुडघ्याला तेल लाव.

गिदोन

—

राजूर,
२७ डिसेंबर २०२४

गिदोन,

मी गेले होते.

करंज्या आणि अनरसे घेऊन गेले. रखमाजींनी खुर्ची दिली, पाणी दिले, आणि बाहेर जाऊन गोठ्याशी उभे राहिले. एस्तेर आली. वाळली आहे. लहान असताना माझ्याच बालवाडीत होती. डबा उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक डोळा उघडा ठेवून इतरांच्या डब्यात काय आहे ते बघायची. मी म्हटले, "बाळ, झाले ते झाले. वचन दिले आहेस, तर मी मागणी घालायला आले."

तिने माझ्या पिशवीतली पाटी घेतली. तिच्यावर लिहिले, "बाई, वचन कोणी दिलं?" मी वाचले. मग तिने पुसले आणि पुन्हा तेच लिहिले. खडू मोडला.

मला अनरसे परत आणता येईनात आणि तिथे ठेवताही येईनात.

मला मोठे पत्र नको. एका शब्दात लिही. तिने वचन दिले होते का?

आत्या

—

जालना,
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

न्हाई.

हा एक शब्द लिहायला इतके दिवस लागले. हरिओम दोनदा विचारून गेला, "आत्याचं टपाल आहे का?" मी दोनदा म्हणलो, न्हाई. आज रविवार आहे, भट्टीच्या दुरुस्तीमुळं सुट्टी आहे. माझ्यासंगं खोलीत राहणारे दोघं बाजारात गेलेत. आता सगळं लिहून टाकतो, मंग तू काय करायचं ते कर.

मे महिन्यात एस्तेर परीक्षेला जालन्याला चालली होती. मला कळलं म्हणून मी मुद्दाम त्याच जीपमध्ये बसलो. आत्या, तुला माहीत न्हाई, पण ते बारावीपासून आहे. नाताळाच्या गाण्यांच्या सरावाला ती पेटी वाजवायची आणि मी मुद्दाम बेसूर गायचो, म्हणजे ती थांबून म्हणायची, "गिदोन, पुन्हा." त्या 'पुन्हा'वर मी वर्ष काढायचो.

जालन्याला उतरल्यावर स्टँडवर मी तिला विचारलं. तिनं मोसंबी सोलली होती, अर्धी मला दिली आणि म्हणली, "तू मला चांगला वाटतोस. पण नवरा म्हणून न्हाई. घुमवून सांगण्यापेक्षा असं सांगितलेलं बरं ना?" एवढंच. वचन न्हाई, देऊळ न्हाई, काहीच न्हाई. ती निघून गेली आणि तिचा स्कार्फ जीपच्या सीटवर राह्यला होता. मी तो परत दिला न्हाई. ती अर्धी मोसंबी गिळता गिळेना, आत्या. तोंडातच फिरत राह्यली.

पुकारीच्या दिवशी मी खोटं बोलायचं ठरवून आल्तो असं न्हाई. स्कार्फ मात्र खिशात होता. 'हरकत असेल तर आत्ताच' असं पाळक म्हणले आणि सिलास तिच्याकडं बघून हसला. साधं हसला, नवरदेव हसतो तसं. माझं डोकं फिरलं. उभा राह्यल्यावर काहीतरी बोलावंच लागणार होतं. 'मला ती आवडते' ही काही हरकत होत न्हाई. मंग दुसरं निघालं. निघालं ते निघालं, परत आत जाईना.

ती बोलली का न्हाई तेही मला माहीत आहे. मी स्कार्फ वर धरला तेव्हा तिनं आधी तिच्या बापाकडं पाह्यलं. रखमाजींच्या तोंडावर एक घडी शंका आली. एकच घडी. ती तिनं पाह्यली आणि मान खाली घातली. मी हे सगळं बघत होतो. बघूनही उभा राह्यलो.

तू पंचांपुढं माझ्यासाठी साक्ष दिलीस हे वाचलं त्या दिवशी मी शिफ्टला गेलो न्हाई. पण खोटं बोलायला एक श्वास लागतो आणि खरं बोलायला सगळं गाव लागतं.

काल संध्याकाळी मी खोलीत गुडघे टेकले. देवापुढं सगळं कबूल केलं, रडलो. हलकं वाटलं. मला वाटतं देवानं माफ केलं. तूच बालवाडीत शिकवायचीस ना, मनापासून मागितलं की तो माफ करतो. तेव्हा आता हा विषय इथं संपवू. मी राजूरला येत न्हाई, ते लोकही विसरतील. तू मला माफ कर म्हणजे झालं.

तुझा,
गिदोन

—

राजूर,
२ फेब्रुवारी २०२५

गिदोन,

देवाने तुला माफ केले असेल. ते त्याचे तो जाणे. एस्तेरला त्याने तसे कळवले आहे का? मी काल तिला रस्त्याने जाताना पाहिले. कळवलेले दिसले नाही.

मागच्या रविवारी उपासना झाल्यावर मी पंचांपुढे उभी राहिले. म्हणाले, "त्या दिवशी मला काही ऐकू आले नव्हते. गिदोन काय बोलला, कसा बोलला, काही नाही. मी फक्त माझ्या पोराचे तोंड पाहिले आणि साक्ष दिली. ऐकल्याशिवाय दिलेली साक्ष खोटी. ती मी परत घेते." अप्पाराव पाटीवर लिहायला लागले, "म्हणजे पोरगं खोटं बोललं का?" मी पाटी घेतली नाही. तुझे मी सांगणार नाही. माझे मी सांगितले. तुझे तुझ्यासाठी ठेवले आहे.

आणि प्रभुभोजनाची भाकर इतकी वर्षे मीच करत आले, ती करणे मी थांबवले आहे. पाळक घरी आले होते समजवायला. त्यांना म्हटले, या हातांनी माझ्या शेजाऱ्याच्या लेकीचे नाव चुलीत घातले. त्याच हातांनी ती भाकर कशी थापू? आज पाळकांनी बेकरीतून पाव आणला. हाताने तुकडे करत होते त्याचे. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. प्रभुभोजन घेतले नाही.

प्रभूने सांगितले आहे, वेदीपाशी आलास आणि आठवले की कोणाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तू दान ठेवलेस आणि दार लावून घरात बसलास.

मला तुझा राग येत नाही. थकले आहे.

आत्या

—

जालना,
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुला कोणी सांगितलं होतं उभं राहायला? भाकर बंद करायला कोणी सांगितलं? चूक माझी, शिक्षा तू काहून घेऊन राह्यलीस? हे सगळं मला लाज वाटावी म्हणूनच करतेस ना? वाटली. झालं समाधान? काल कारखान्यात मुकादमाशी भांडलो, तो म्हणला तुझं लक्ष न्हाई, सळई पायावर येईल. येऊ दे म्हणलो. त्यानं मला घरी पाठवलं.

ठीक आहे. सोबत एस्तेरसाठी पत्र देतो. उघडंच आहे, तू वाच आणि तिच्या हातात दे. यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होणार न्हाई.

गिदोन

—

राजूर,
२० फेब्रुवारी २०२५

गिदोन,

तुझे पत्र वाचले. दिले नाही, परत पाठवते.

तू लिहिले आहेस, माझी चूक झाली. खाली लिहिले आहेस, पण माझ्या मनाची काय अवस्था होती ते तू समजून घे. त्याच्या खाली, तुझ्याविना मला जगणे नाही. आणि शेवटी, मी वाट पाहीन. गिदोन, ही माफी नाही रे, मागणी आहे. माफी मागायच्या निमित्ताने तू पुन्हा तिच्या दारात नवरदेव होऊन उभा राहतो आहेस. त्या मुलीने तुला जालन्याच्या स्टँडवर उत्तर दिले होते. ते उत्तर तुला अजून पोहोचलेले नाही.

तुला वाटते मी तुला लाज आणायला भाकर बंद केली. खरे सांगू? मला भाकर करायची फार इच्छा होते. शनिवारी संध्याकाळी हात आपोआप परातीकडे जातात. पण मी खोटे बोलले आणि ते निस्तरले नाही, तोवर देव माझ्याजवळ आहे, पण मी माझ्याजवळ नाही. ते तुला समजावून सांगता येत नाही. तुलाही तसेच झाले आहे, म्हणून तू मुकादमाशी भांडतोस.

पुन्हा लिही. काहीही नको असताना जसे लिहिता येईल तसे लिही. नाही जमले तर नको लिहू.

आत्या

(मोसंबी पाठवली आहेत. हरिओमने वाटेत एखादे खाल्ले असेल तर बोलू नको.)

—

जालना,
२ मार्च २०२५

एस्तेर,

तू मला कधीच वचन दिलं नव्हतं. मी भर मंडळीत खोटं बोललो. तुझा स्कार्फ तू मला दिला नव्हता, तो जीपमध्ये राह्यला होता आणि मी ठेवून घेतला. माझ्या खोटेपणामुळं तुझं लग्न मोडलं, तुझ्या वडिलांचं मंदिर सुटलं आणि लोक तुझ्याकडं बघायला लागले.

मी काय करावं ते तू सांग. सांगायचं नसेल तर तेही बराबर आहे.

गिदोन साळवे

—

राजूर,
१० मार्च २०२५

गिदोन,

लहानपणापासून तुम्हाला 'तू' म्हणत आले. आता 'तुम्ही' म्हणते. मान म्हणून नाही, अंतर म्हणून.

तुमचं पत्र मी पप्पांना वाचून दाखवलं. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मी त्या दिवशी तुझ्याकडं कसं बघितलं, ते तुला दिसलं होतं का?" मी म्हणाले, दिसलं होतं. मग ते फार वेळ भांडी घासत बसले. आमच्या घरात पप्पांनी भांडी घासायची ही पहिलीच वेळ.

तुम्ही विचारलं म्हणून सांगते. घरी येऊन पाया पडू नका. आमच्या घरात नाव गेलं नाही, मंडळीत गेलं. जिथं गेलं तिथं परत आणून द्या. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत लग्नं नसतात, म्हणून पुकारही नसते. उपासनेतली ती जागा सध्या मोकळी आहे. त्याच जागी, त्याच बाकाजवळ उभे राहा आणि खरं काय ते सांगा. एक रविवार नाही, तीन. माझं नाव तीन रविवार वाचलं होतं. एक दिवस तर कोणीही शूर होतो. पहिल्या दोन रविवारी मी येणार नाही. तिसऱ्या रविवारी येईन.

अजून एक. सिलास यांच्या घरून निरोप आला आहे, खरं काय ते समजलं तर पुन्हा बोलू. मी नाही म्हणाले. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं कोणीच नाही. तुमच्यासाठी नाही म्हणाले असं कृपा करून समजू नका.

एस्तेर

—

जालना,
७ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

दोन रविवार झाले. तू दोन्ही वेळा मागच्या बाकावर होतीस आणि मला घरी ये म्हणली न्हाईस. मीही आलो न्हाई. आधी तिथलं, मंग घर, हे मला समजलं. पण तुला काहीच ऐकू आलं नसेल, म्हणून लिहितो.

पहिल्या रविवारी पाळकांनी माझं नाव घेतलं आणि माझे पाय बाकाला चिकटून बसले. त्या दिवशी खोटं बोलायला उठलो तेव्हा किती जल्दी उठलो होतो! उभा राह्यलो. म्हणलो, "या जागी मी एस्तेर गवारे यांच्याबद्दल खोटं बोललो. त्यांनी मला कधीही वचन दिलं नव्हतं. स्कार्फ मी लपवून ठेवला होता." मागून कोणीतरी म्हणलं, "आता सांगतो होय रे?" साहेबराव काकांनी मान फिरवली. बाहेर पोरं हसली. एकानं खोकल्यासारखा आवाज काढला, हरकत, हरकत. एक जुना गिदोन माझ्या हातात आल्ता, आत्या, त्या पोराची गचांडी धरायला. मी तो हात खिशात घातला आणि जीपमध्ये जाऊन बसलो. हरिओम म्हणला, "आज भाडं घेणार न्हाई." मी म्हणलो, घे. आज मला फुकट काही नको.

दुसऱ्या रविवारी कोणी हसलं न्हाई. ते जास्त वाईट होतं. पहिल्यांदा मी रागाच्या जोरावर उभा राह्यलो होतो, लोकांनी हसावं आणि आपण सहन करावं, त्यातही एक तोरा असतो. काल नुसतं सांगायचं होतं. तेच वाक्य. सांगता सांगता पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

रात्रपाळीत नीट झोप लागून राह्यली. का ते समजत न्हाई.

गिदोन

—

जालना,
१४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

आज जयंती, सगळीकडं मिरवणुका, रस्ते बंद. हरिओमची जीप उद्या निघेल. पण मी आजच लिहून ठेवतो, कारण तू काल अर्ध्यातून उठून गेलीस आणि काय समजून गेलीस ते मला माहीत आहे. लोक वळून तुझ्याकडं बघायला लागले, तू पदर सावरलास आणि मागच्या दारानं निघालीस. मी हाक मारली. अर्थात, तुला कुठून ऐकू येणार.

तर ऐक. काल ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, मंदिर भरलेलं. रखमाजी आणि एस्तेर तिसऱ्या बाकावर येऊन बसले. मी उभा राह्यलो आणि तेच सांगितलं. शेवटी खिशातून स्कार्फ काढला, धुवून घडी केलेला. वर धरला न्हाई. चालत जाऊन रखमाजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलला, शर्टाच्या खिशात सरकवला आणि खिशावर हात ठेवून बसले.

मंग पाळक पुढं आले. कागद न्हाई, काही न्हाई. म्हणले, "आपल्या या भावानं तीन रविवार उभं राहून खरं सांगितलं. त्याला मंडळीच्या संगतीत आणि प्रभूच्या मेजावर परत घ्यायला कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

आत्या, तेव्हा मला समजलं की त्या प्रश्नानंतरची शांतता केवढी लांब असते. एस्तेरनं ती तीनदा भोगली होती, तिसऱ्या वेळी तर मी ती तिच्यावर कोसळवली होती. अप्पाराव घसा खाकरले. पण ते नुसतेच खाकरले.

आणि एस्तेर उभी राह्यली. म्हणली, "हरकत आहे."

मी डोळे मिटले. म्हणलो, बराबर आहे. हिचा हक्क आहे. जे म्हणेल ते घ्यायचं.

ती म्हणली, "यांना मेजावर घ्यायचं, पण मेजावर आहे काय? बेकरीचा पाव? आपल्या बाई जानेवारीपासून मागच्या बाकावर बसल्यात आणि भाकर करत न्हाईत. त्यांनी ऐकलं नव्हतं तरी साक्ष दिली, ही त्यांची चूक. ती त्यांनी कोणी न विचारता उभं राहून सांगितली. आपण सगळ्यांनी तर ऐकलं होतं. तरी मला कोणी विचारलं न्हाई. मंग मागच्या बाकावर एकट्या बाईच कशा? आधी त्यांना पुढं बोलवा. त्यांनी भाकर केली तर माझी हरकत न्हाई."

म्हणून सगळे तुझ्याकडं वळले होते, आत्या. दोष द्यायला न्हाई. बोलवायला. आणि तू पदर घेऊन निघालीस.

बाहेर आल्यावर मी एस्तेरला विचारलं न्हाई, माफ केलं का. तिनंच सांगितलं. म्हणली, "झालं असं समजू नका. सुरू केलंय." आणि बापाबरोबर चालायला लागली. मी बघत राह्यलो, पण मागून गेलो न्हाई. तिचं जालन्याचं उत्तर मला आता पोहोचलंय. दुखतं. पण खोटं बोलल्यावर जे दुखत होतं, तसलं न्हाई हे.

आता तू काय ते कर. मी तुला भाकर कर म्हणायला लायक न्हाई. हे मी म्हणत न्हाई, ती म्हणते.

तुझा,
गिदोन

—

राजूर,
१६ एप्रिल २०२५

प्रिय गिदोन,

प्रभूमध्ये सलाम. काल तुझे पत्र वाचून होत होते, तेवढ्यात रखमाजी आणि एस्तेर आले. रखमाजींनी ओसरीवर एक पिशवी ठेवली. त्यांच्या शेतातले गहू, निवडून दळलेले. एस्तेरने माझी पाटी घेतली आणि लिहिले, "बाई, पुन्हा."

मी हो म्हटले.

पण थंडीपासून मनगटे धरली आहेत, मळायला जोर लागतो. ही सगळ्या मंडळीची भाकर आहे, एकटीचे काम नाही. शनिवारी शेवटच्या जीपने घरी ये. हात धुवून ये, नखे काप. चुलीला लाकूड तू फोडायचेस.

मशीन कानात घालून बसते. दार वाजव.

तुझी,
आत्या